रुग्णालयीन संगणकप्रणालीची चाचणी : एक दुर्लक्षित जबाबदारी

शासकीय रुग्णालयातील केसपेपरच्या खिडकीचे स्वरूप गेल्या दोन दशकांत बरेच बदलले आहे. हाताने लिहिलेल्या केसपेपरची जागा ठिकठिकाणी संगणकावर छापलेल्या चिठ्ठीने घेतली आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-हॉस्पिटल’ आणि सी-डॅकची ‘ई-सुश्रुत’ या प्रणाली देशातील अनेक सार्वजनिक रुग्णालयांत वापरल्या जातात. १५ ऑगस्ट २०२० रोजी घोषित झालेले राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान २७ सप्टेंबर २०२१ पासून ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर लागू झाले. त्यातील चौदा अंकी आभा क्रमांकामुळे रुग्णाची नोंद, त्याच्या संमतीने, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाऊ शकते. नोंदणी, तपासणी, औषधवाटप, शस्त्रक्रियेची वेळ, खाटांची स्थिती, देयक ही सर्व कामे हळूहळू संगणकाच्या पडद्यावर येत आहेत.

या स्थित्यंतराची चर्चा करताना संगणकांची संख्या, जोडलेली रुग्णालये आणि नोंदविलेले रुग्ण यांचे आकडे आपण आवर्जून देतो. मात्र डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा परिचारिकेच्या पडद्यावर तशीच उमटते किंवा नाही, हे प्रत्यक्ष वापरापूर्वी कोणी आणि कसे तपासले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ते तपासणारी व्यक्ती म्हणजे चाचणी अभियंता, ज्याला व्यवहारात सॉफ्टवेअर टेस्टर म्हणतात. या कामाचे स्वरूप काय, त्याला कोणते ज्ञान लागते आणि आपल्या व्यवस्थेत त्याचे स्थान काय असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन प्रकारचे दोष

कोणत्याही संगणकप्रणालीतील दोषांचे ढोबळ मानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारचा दोष स्वतःची जाहिरात करतो : पडदा गोठतो, छपाई होत नाही, प्रणाली बंद पडते. रांगेतील माणसे ओरडतात, तंत्रज्ञ धावतो, दोष दुरुस्त होतो. दुसऱ्या प्रकारचा दोष मूक असतो. प्रणाली सुरळीत चालू राहते आणि विश्वास बसेल असे चुकीचे उत्तर देते. बँकेच्या व्यवहारात असा दोष महिनाअखेरीच्या ताळ्यात सापडण्याची शक्यता असते. रुग्णाच्या शरीरात गेलेल्या औषधाचा ताळा घेता येत नाही. म्हणून रुग्णालयीन प्रणालीच्या चाचणीचा मुख्य रोख या मूक दोषांकडे असला पाहिजे, असे माझे मत आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक वेळ पहिल्या प्रकारच्या दोषांवरच खर्च होतो, कारण ते मोजायला सोपे असतात.

या विषयाच्या अभ्यासक्रमात ज्या उदाहरणाचा उल्लेख हमखास होतो, ते थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे. कॅनडात तयार झालेल्या या यंत्राकडून १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळाल्याचे नोंदले गेले आणि त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. आधीच्या नमुन्यांत अतिमात्रा रोखणारी यांत्रिक अटकाव व्यवस्था होती. नव्या यंत्रात ते काम मुख्यतः सॉफ्टवेअरवर सोपविण्यात आले. ऑपरेटरने उपचाराचा प्रकार चुकून नोंदवला आणि काही सेकंदांच्या आत तो दुरुस्त केला, तर यंत्राच्या एका भागाला ती दुरुस्ती कळतच नसे. सावकाश टंकन करणाऱ्याच्या हातून हा दोष कधीच प्रकट होत नव्हता. कामाचा सराव झालेल्या, जलद बोटे चालविणाऱ्या ऑपरेटरच्या हातून तो प्रकट झाला. पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढाच संदेश येई. असे संदेश दिवसातून अनेकदा येत असल्याने एक कळ दाबून पुढे जाण्याची सवय पडली होती. टेक्सासमधील रुग्णालयाच्या पदार्थवैज्ञानिकाने ऑपरेटरला बरोबर घेऊन, तीच नोंद त्याच वेगाने पुन्हा पुन्हा करून हा दोष अखेर घडवून दाखविला. दोष ‘पुन्हा घडवून दाखविणे’ हे चाचणीशास्त्राचे मर्म आहे, आणि ते येथे उपचारकक्षात काम करणाऱ्या माणसांनी साधले.

पनामातील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २०००-०१ मध्ये घडलेला प्रकार याहून बोधप्रद आहे. निरोगी अवयव झाकण्यासाठी वापरायचे संरक्षक ठोकळे उपचार-नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चारपर्यंतच नोंदवता येत. डॉक्टरांना पाचवा हवा होता. कर्मचाऱ्यांनी सर्व ठोकळे एकाच सलग आकृतीच्या रूपात रेखाटण्याची युक्ती योजली. सॉफ्टवेअरने ती निमूटपणे स्वीकारली. एका रीतीने रेखाटल्यास हिशेब बरोबर येई. दुसऱ्या रीतीने रेखाटल्यास उपचाराचा काळ जवळजवळ दुप्पट निघे. २८ रुग्णांना अतिमात्रा मिळाली. आराखड्यात लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीची चाचणी केली असती तरी हा दोष सापडला नसता, कारण पाचवा ठोकळा आराखड्यात नव्हताच. तो रुग्णालयाच्या गरजेत होता.

एका मात्रेची चाचणी

चाचणी अभियंत्याचे काम नेमके कसे चालते, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. लहान मुलाला ताप असताना पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा सर्वसाधारणपणे वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम अशी धरतात. समजा, प्रणालीने वजनावरून १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने मात्रा सुचवावी, अशी मागणी आहे. बाळाचे वजन आठ किलो. उत्तर १२० मिलिग्रॅम. नवशिका अभियंता ८ हा आकडा भरतो, १२० हे उत्तर पाहतो आणि ‘उत्तीर्ण’ असा शेरा लिहून पुढे जातो.

अनुभवी अभियंत्याचे काम येथून सुरू होते. दशांशचिन्ह राहून गेले आणि ८.० ऐवजी ८० पडले तर काय? प्रणाली १२०० मिलिग्रॅम सुचविते, की आठ महिन्यांच्या बाळाचे वजन ८० किलो असू शकत नाही असे सांगून थांबविते? प्रसूतिकक्षात नवजात बालकाचे वजन ग्रॅममध्ये लिहिण्याची पद्धत असते. तेथील परिचारिकेने सवयीने २८०० लिहिले तर? वजनाची जागा रिकामी ठेवली तर प्रणाली शून्य धरते, की मागच्या भेटीचे, सहा महिन्यांपूर्वीचे वजन गुपचूप उचलते? आकडा देवनागरीत भरला तर? एका वेळची कमाल मात्रा एक ग्रॅम ठरविली असेल, तर ६६ किलो वजनाला ९९० मिलिग्रॅम ही मात्रा चालेल, ६७ किलोला हिशेब १००५ वर जातो. म्हणजे तपासायचे आकडे ४० किंवा ५० नव्हेत. ६६ आणि ६७ हे आहेत. नियम जेथे बदलतो त्या सीमारेषेवरच दोष दबा धरून बसलेला असतो, म्हणून सीमारेषेच्या अलीकडचा व पलीकडचा आकडा तपासण्याची ही पद्धत चाचणीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या काही प्रकरणांतच शिकविली जाते.

पण एवढ्यानेही काम संपत नाही. बाळाला गोळी देत नाहीत, पातळ औषध देतात. बाजारात पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले औषध मिळते, तसेच पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलेही मिळते. पहिल्याची मात्रा ५ मिलिलिटर होईल, दुसऱ्याची २.४ मिलिलिटर. चिठ्ठीवर केवळ ‘५ मि.लि.’ छापले गेले आणि औषध भांडारात त्या दिवशी दुसरी बाटली शिल्लक असली, तर बाळाला दुपटीहून अधिक औषध मिळेल. येथे मात्रेचा हिशेब करणारा भाग निर्दोष आहे, साठ्याची नोंद ठेवणारा भागही निर्दोष आहे. दोष दोहोंच्या सांध्यात आहे. असे सांधे तपासायचे तर नोंदणीपासून औषध हाती पडेपर्यंतचा संपूर्ण प्रवास एका काल्पनिक रुग्णाच्या पावलांनी करावा लागतो.

आणखी एक मुद्दा येथे नोंदवला पाहिजे. ‘अपेक्षित उत्तर’ कोणी सांगायचे? अनेक प्रकल्पांत चाचणी अभियंता ते प्रोग्रामरलाच विचारतो. ज्याने हिशेबाचे सूत्र लिहिले त्याच्याकडूनच बरोबर उत्तर घेतले, तर चाचणी ही त्याच्या समजुतीची प्रत ठरते. अपेक्षित उत्तर बालरोगतज्ज्ञाने किंवा औषधनिर्मात्याने, पडद्याकडे न पाहता, कागदावर लिहून द्यावे.

रुग्ण कोण?

आपल्या देशातील रुग्णालयांत सर्वांत अवघड चाचणी औषधांची नसून ओळखीची असते. पाश्चात्त्य धर्तीवर बनविलेली प्रणाली आडनाव, नाव आणि जन्मतारीख मागते. आपल्याकडे अनेक वृद्ध रुग्णांना जन्मतारीख ठाऊक नसते. ‘साठीच्या घरात’ एवढेच सांगता येते. खिडकीवरील कर्मचारी अंदाजे वय भरतो, प्रणाली त्यावरून १ जानेवारी ही तारीख बनविते. परिणामी त्या रुग्णालयाच्या नोंदीत १ जानेवारीला जन्मलेल्यांची संख्या अवाजवी वाढते, आणि जन्मतारखेवरून एकच व्यक्ती दोनदा नोंदली गेली का हे शोधणारा भाग भिन्न व्यक्तींनाही एकच समजू लागतो. त्यात एकाच मोबाइल क्रमांकावर सारे कुटुंब नोंदविलेले असते. तमिळनाडूत आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात. पंजाबात एकच नाव स्त्रीचेही असते आणि पुरुषाचेही. महाराष्ट्रात ‘सुनीता पाटील’ या नावाच्या किती स्त्रिया एकाच दिवशी एकाच बाह्यरुग्ण विभागात येऊ शकतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

नवजात बालकाचे उदाहरण तर चाचणीचा कस पाहणारे आहे. त्याला नाव नसते. ते आईच्या नावाने ओळखले जाते. जुळी असल्यास ‘पहिले’ आणि ‘दुसरे’. बाळाला कावीळ झाल्याने ते नवजात अतिदक्षता कक्षात, आई प्रसूतिपश्चात कक्षात. आईला घरी सोडल्याची नोंद होताच बाळाची खाटही ‘रिकामी’ दिसू लागली तर? वर्षांमध्ये वय मागणाऱ्या प्रणालीत त्याचे वय शून्य. आणि शून्य म्हणजे ‘माहिती भरलेली नाही’ असा अर्थ कोणी प्रोग्रामरने घेतला असेल तर? अपघातात सापडलेला बेशुद्ध, अनोळखी रुग्ण तात्पुरत्या नोंदीवर दाखल होतो. त्याचे रक्त तपासले जाते, रक्तपिशवी राखून ठेवली जाते. दोन तासांनी नातेवाईक येतात आणि त्याची जुनी नोंद सापडते. दोन नोंदी एकत्र करताना जुन्या नोंदीतील पेनिसिलिनची ॲलर्जी नव्या नोंदीत उतरली पाहिजे आणि नव्या नोंदीतील रक्तगट जुन्यातील विसंगत रक्तगटाने पुसला जाता कामा नये. अशी प्रकरणे दुर्मीळ नाहीत. कोणत्याही जिल्हा रुग्णालयात ती नेहमीचीच आहेत, आणि तरीही चाचणीच्या यादीत ती शेवटी येतात किंवा येतच नाहीत.

दोषांचे गांभीर्य ठरवितानाही रुग्णालयाचे भान लागते. मृत्यूच्या दाखल्यावरील नावात एका अक्षराची चूक ही सॉफ्टवेअरच्या हिशेबात किरकोळ बाब. पण त्या एका अक्षरामुळे विधवेला निवृत्तिवेतनासाठी किती खेटे घालावे लागतात, हे ज्याला माहीत आहे तो या दोषापुढे ‘किरकोळ’ असे लिहिणार नाही. पडद्यावरील रकाना अरुंद असल्याने औषधाचे नाव ‘मेट’ या अक्षरांनंतर कापले जाणे ही वरकरणी दिसण्याची बाब. परंतु मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध आहे आणि मेटोप्रोलॉल रक्तदाबाचे.

एकमेकांशी बोलणाऱ्या प्रणाली

रुग्णालयात एकच प्रणाली नसते. प्रयोगशाळेतील यंत्रे, क्ष-किरण प्रतिमांचे भांडार, रक्तपेढी, विमायोजनेचे दावे यांच्या प्रणाली निरनिराळ्या असतात आणि त्यांनी परस्परांशी बोलावे लागते. यासाठी आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये अधिसूचित केली व २०१६ मध्ये त्यांत सुधारणा केली. प्रतिमांसाठी डायकॉम, प्रयोगशाळा तपासण्यांसाठी लॉइंक, वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी ही त्यांतील काही नावे. पुण्यातील सी-डॅकमध्ये या मानकांसाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र कार्यरत आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडून घेऊ इच्छिणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी ‘सँडबॉक्स’ या चाचणीक्षेत्रात आपली पात्रता सिद्ध करावी लागते.

मानके आवश्यक आहेत, पुरेशी नाहीत. रक्तातील क्रिएटिनिन एक प्रयोगशाळा मिलिग्रॅममध्ये सांगते, दुसरी मायक्रोमोलमध्ये. पहिल्या पद्धतीतील १ म्हणजे दुसऱ्या पद्धतीतील सुमारे ८८. संदेश मानकाप्रमाणे अचूक पोहोचला आणि पडद्याने एकक गाळून केवळ आकडा दाखविला, तर निरोगी मूत्रपिंड निकामी भासेल. थायरॉइडचे औषध मायक्रोग्रॅममध्ये असते, बहुतेक गोळ्या मिलिग्रॅममध्ये.

कधी कधी प्रणाली आराखड्याबरहुकूम चालते आणि तरीही घात करते. २००५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, औषधे संगणकावर लिहिण्याच्या प्रणालीमुळे चुकांना वाव मिळतो असे २२ प्रकार नोंदविले. त्यांपैकी एक असा : पडद्यावर दिसणारे मात्रांचे आकडे औषध भांडारातील साठ्यानुसार होते, तरुण डॉक्टर मात्र ते नेहमीच्या उपचाराची मात्रा समजून निवडत. असा दोष कार्यालयात बसून सापडत नाही. त्यासाठी वॉर्डात उभे राहून पाहावे लागते.

भार, खंड आणि सुरक्षितता

बाह्यरुग्ण विभागाचा भार दिवसभर सारखा नसतो. सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत तो उसळतो. सरासरीवर केलेली चाचणी म्हणून निरुपयोगी ठरते. २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील नागरिकांसाठी कोविन संकेतस्थळावर नोंदणी खुली झाली तेव्हा आरंभी अनेकांना अडचणी आल्या. त्याच प्रणालीने १७ सप्टेंबर २०२१ या एका दिवसात अडीच कोटींच्या आसपास लसमात्रांची नोंद पेलली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर झालेल्या सायबर हल्ल्यात पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि सुमारे दोन आठवडे अनेक कामे हाताने करावी लागली. सुरक्षिततेची तपासणी हे स्वतंत्र शास्त्र आहे. त्याच्या तपशिलात येथे जात नाही. परंतु प्रणाली बंद असताना कागदावर केलेल्या नोंदी ती सुरू झाल्यावर कशा भरायच्या, त्यांवर वेळ कोणती पडते, भरण्याच्या वेळेमुळे औषधाचा पुढचा डोस चुकीच्या तासाला तर दाखविला जात नाही ना, हे पाहणे चाचणी अभियंत्याचेच काम आहे. चाचणीसाठी खऱ्या रुग्णांची माहिती वापरण्याची सवय मात्र सोडावी लागेल. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यानंतर तर तिचे समर्थन अधिकच कठीण आहे. बनावट पण वास्तवाशी जुळणारी माहिती तयार करणे कष्टाचे असले तरी शक्य आहे.

या कामाकडे कोणी यावे?

संगणकशास्त्राची पदवी हा या क्षेत्रात येण्याचा रूढ मार्ग आहे. आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय मंडळाची पायाभूत परीक्षा भारतात देता येते. तीत ४० प्रश्न असतात. स्वयंचलित चाचणीची साधने, माहितीसाठ्यात शोध घेण्याची भाषा आणि दोषाची नोंद नेमक्या शब्दांत लिहिण्याचे कौशल्य या बाबी नोकरीत उपयोगी पडतात. यांतील शेवटच्या कौशल्याची गरज सर्वाधिक असते आणि ते शिकविले सर्वांत कमी जाते. ‘मात्रा चुकते’ असे लिहिल्याने दोष दुरुस्त होत नाही; कोणत्या रुग्णासाठी, कोणत्या क्रमाने, कोणता आकडा भरल्यावर, काय अपेक्षित होते आणि काय दिसले, हे लिहावे लागते. शिवाय एका दुरुस्तीने दुसरीकडे नवा दोष शिरतो, म्हणून जुन्या चाचण्या दर वेळी पुन्हा कराव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य केले पाहिजे.

माझ्या मते परिचारिका, औषधनिर्माते आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांनीही या क्षेत्राचा विचार करावा. वॉर्डात दहा वर्षे काम केलेल्या परिचारिकेला चाचणीचे तंत्र काही महिन्यांत शिकविता येते. उलट, अभियंत्याला वॉर्ड तितक्या लवकर शिकविता येत नाही. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचाही समावेश झाला व ती १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. निदान वा उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत अशा जाणकारांची गरज त्यामुळे वाढणार आहे. रुग्णालयाच्या नोंदी ठेवणारी प्रत्येक प्रणाली या व्याख्येत येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तिच्या चाचणीची जबाबदारी मुख्यतः खरेदी करणाऱ्यावरच राहते.

स्वीकृतीचा प्रश्न

येथेच खरी अडचण आहे. सार्वजनिक खरेदीत पुरवठादाराचा हप्ता बहुधा ‘प्रणाली कार्यान्वित झाली’ या टप्प्याशी बांधलेला असतो. पुरवठादाराला तारीख गाठायची असते, अधिकाऱ्याला निधी वेळेत खर्च करायचा असतो आणि उद्घाटनाची तारीख ठरून गेलेली असते. अशा वेळी स्वीकृती चाचणी म्हणजे सभागृहातील दोन तासांचे प्रात्यक्षिक आणि खाली सह्या, असे तिचे स्वरूप उरते. चाचणी अभियंता पुरवठादाराच्याच वेतनपटावर असल्याने ‘अजून तयार नाही’ असे म्हणण्याचे बळ त्याच्याकडे नसते.

यावर उपाय अवघड नाही. चाचणीचा खर्च निविदेत स्वतंत्र दाखवावा आणि चाचणी करणारी यंत्रणा पुरवठादाराहून वेगळी असावी. केंद्र शासनाच्या एसटीक्यूसी संचालनालयासारखी चाचणी व प्रमाणन यंत्रणा देशात उपलब्ध आहे. औषध, रक्त आणि ओळख या तीन विषयांतील एकही गंभीर दोष शिल्लक असताना प्रणाली सुरू करू नये, अशी अट करारात असावी. एका वॉर्डात काही आठवडे कागद आणि संगणक समांतर चालवावेत, त्यात रात्रपाळी व रविवार यांचाही समावेश करावा, आणि रोज पाळी संपताना दोन्ही नोंदींचा ताळा घ्यावा. तफावती नोंदविण्याचे काम त्या वॉर्डाच्या परिचारिकेकडे द्यावे, आणि स्वीकृतिपत्रावर अधिकाऱ्याच्या सहीआधी तिची सही घ्यावी.